चुकीचं झाकण

शकूताई चिटणीस दिवसातून सात वेळा बाजारात जात. सकाळी कोथिंबीर आणत. ती ओट्यावर ठेवली की परत निघत, आता मिरच्या. मग लिंबू, तेही एकच. दुपारी दोऱ्याचं रीळ, चारच्या सुमारास पाव किलो बटाटे, आणि दिवेलागणीच्या आधी पुन्हा कोथिंबीर, कारण सकाळची म्हणे कोमेजली. बाईंची स्मरणशक्ती गेली यावर आमच्या कॉलनीचं एकमत होतं, आणि आमच्या कॉलनीचं दुसऱ्या कशावरही कधी एकमत झालेलं नाही. माझी बायको सुधा तर त्यांना यादी करायला एक वही देऊन आली. शकूताईंनी वही ठेवून घेतली, चहा पाजला आणि सुधा निघाली तेव्हा चपला शोधत म्हणाल्या, "थांब, मी पण येते. मीठ आणायचं राहून गेलं."

त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत होती. गेली होती ती आमची.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बँकेच्या नोकरीत तीन वर्षांसाठी उज्जैनला बदली झाली आणि मी इथलाच होऊन गेलो. नानाखेड्याच्या बस स्टँडमागं आमची कॉलनी आहे, आणि कॉलनीच्या मागच्या अंगाला एक गल्ली. गल्ली म्हणजे दोन मोकळ्या प्लॉटांमधली मातीची पट्टी, चाळीस पावलांची. पलीकडे जुनी वस्ती आहे. तिथं भाजीवाले बसतात, एक छोटा दवाखाना आहे, आणि साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या सायराबींचं मशीन आहे. गल्लीतून गेलं तर दोन मिनिटं लागतात. गल्ली नसेल तर स्टँडच्या चौराह्याला वळसा घालून, बस आणि ई-रिक्षा चुकवत वीस मिनिटं. म्हाताऱ्या माणसाला तर ते जमायचंच नाही.

दोन्ही प्लॉट एकाच माणसाचे. त्यांना सगळे भैयाजी म्हणत. सिंहस्थ जवळ येऊ लागलं तसं उज्जैनमध्ये ज्याच्याकडे मोकळी जागा त्याला लॉजची स्वप्नं पडायला लागली. भैयाजींनाही पडली. दोन प्लॉट जोडून यात्रेकरूंसाठी तीन मजली इमारत उठवायची होती, आणि मध्ये ही गल्ली. ही गल्ली नकाशात नाहीच, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली, "निजी जगह. आना-जाना मना है." आम्ही सगळ्यांनी ती वाचली, जमाना खराब आला आहे असं एकमेकांना सांगितलं आणि स्कूटर काढून कामाला गेलो. शकूताईंनी ती वाचली आणि त्या कोथिंबीर आणायला गेल्या.

त्या दिसायला अगदी साध्या. उंची बेताची, अंगावर भैरवगढच्या छापाची सुती साडी आणि साडीखाली लेकीनं टाकून दिलेले स्पोर्ट्स शूज. चालताना त्यांना कुणी हाक मारली तर थांबत नसत, मागून या म्हणत. त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणीतरी दरबारात पत्रं लिहायला होतं, म्हणून चिटणीस. शकूताई स्वतः एका सरकारी कचेरीत नकलांच्या शाखेत चौतीस वर्षं टायपिस्ट होत्या. निकाल, दावे, पंचनामे, सगळ्याच्या नकला. पूर्वज मजकूर लिहायचे, मी नक्कल करते, अशी आमच्या घराण्याची उतरती कळा आहे, असं त्या हसून सांगत. पण जमिनीच्या भानगडी त्यांना वकिलांपेक्षा जास्त कळत. वकील निकाल एकदा वाचतो, त्यांनी तोच निकाल पाच जणांसाठी पाच वेळा टाइप केलेला असे.

ती सवय बोटांत उरली होती. समोरचा बोलू लागला की त्यांची बोटं मांडीवर हलत, त्याचं बोलणं टाइप करत. आणि तो काही खोटं बोलला की थांबत. मला हे कळायला दोन वर्षं लागली. नंतर त्यांच्यासमोर बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि मांडीकडे जास्त बघू लागलो.

"एकदा केलेलं म्हणजे न केलेलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या कशालाही लावत. मी दर जानेवारीत सकाळी फिरायला जाण्याचा संकल्प सोडतो. त्यावर त्या म्हणाल्या होत्या की पेंडसे, तुम्ही संकल्प मात्र फार नियमित करता. या वाक्यामागची हकिगत त्यांनीच एकदा सांगितली. त्या नोकरीला लागल्या तेव्हा शाखेत बायका दोनच. बायकांच्या शौचालयाला कुलूप आणि किल्ली बड़े बाबूंच्या ड्रॉवरमध्ये. भरल्या खोलीत पुरुषांसमोर ती मागायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. दुसरी बाई त्या भीतीनं दिवसभर पाणीच पीत नसे. शकूताई रोज अकरा वाजता आणि रोज तीन वाजता बड़े बाबूंच्या टेबलासमोर उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणत, "बड़े बाबू, शौचालय की चाबी." पहिल्या दिवशी हशा झाला. आठवडाभर झाला. मग हसणारे कंटाळले. पुढं बड़े बाबू जरा हळू बोलत जा म्हणून विनवू लागले. त्यावर, हळू बोलले तर तुम्हाला ऐकू कसं येणार, असं त्यांनी विचारलं. पावसाळा संपायच्या आत बड़े बाबूंनी स्वतःच्या हातानं भिंतीत खिळा ठोकला आणि किल्ली बाहेर टांगली. तक्रार नाही, अर्ज नाही, आवाज चढवणं नाही. भांडणाचं माणसं दोन दिवसांत विसरतात, रोजचं कुणाला विसरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर गल्ली. शकूताईंनी तहसील कचेरीत अर्ज टाकला. त्यावर सह्या करायला अख्खी कॉलनी आली, मीही केली. मग त्यांनी आम्हाला समजावलं की कागदावर नसलेला रस्ता पायांनी सिद्ध करावा लागतो. तिथून लोक जात-येत आले आहेत, आजही जातात, हे दिसलं तर तो कुणाला बंद करता येत नाही. त्याला वहिवाट म्हणतात. जायचं थांबलं की मात्र वहिवाट मेली. आम्ही माना डोलावल्या. आमच्या सगळ्यांकडे स्कूटर होत्या.

त्यांचा जीव त्या गल्लीत का अडकला होता, तेही सांगतो. त्यांच्या यजमानांच्या छातीत एका दुपारी कळ आली. चौराह्यावर मिरवणूक होती आणि गाडी हलेना. सायराबींच्या नवऱ्यानं आणि तीन भाजीवाल्यांनी त्यांना खाटेवर घालून गल्लीतून पलीकडच्या दवाखान्यात नेलं. ते वाचले आणि पुढं चार वर्षं जगले. शकूताई हे कुणाला सांगत नसत. मला सांगितलं तेही एकदाच, आणि तेव्हा त्यांची बोटं हलत नव्हती, नुसती मांडीवर पडून होती. त्या म्हणाल्या, "त्या चाळीस पावलांनी मला चार वर्षं दिली. मी नाही सोडणार ती."

अशी ती कोथिंबीर. दहा महिने त्या रोज सात वेळा गल्लीतून गेल्या आणि सात वेळा आल्या. मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर वॉकर घेऊन तीन वेळा, मग काठी घेऊन पाच वेळा, आणि दसऱ्यापर्यंत पुन्हा सात. पावसाळ्यात दोन्ही प्लॉटांवर कमरेएवढं गवत माजलं आणि गल्लीच्या मधोमध हातभर रुंदीची उघडी, टणक पट्टी राहिली. तिच्यावर गवताची काडी उगवली नाही. ती पट्टी मी माझ्या बाल्कनीतून बघत असे. बघून बरं वाटे. बाई आहेत, चालतात, आता काळजी नाही, असं वाटे आणि मी वर्तमानपत्र उलटे.

मग मोका झाला, म्हणजे जागेवर येऊन पाहणी. पटवारी आला, भैयाजी आले, आम्ही वीस-पंचवीस जण गोळा झालो. शकूताईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. त्यांनी काठीनं ती पट्टी दाखवली. मला वाटलं, जिंकलो.

भैयाजी हुशार माणूस. त्यांनी वाकून शकूताईंना नमस्कार केला आणि पटवाऱ्याला शांतपणे सांगितलं, "माताजी का घुटने का ऑपरेशन हुआ है. डॉक्टर ने चलने को बोला है. मैंने कभी रोका नहीं, बुज़ुर्ग हैं. पर ये इनका घूमना है, साहब, रास्ता थोड़े ही है."

पटवाऱ्यानं आमच्याकडे पाहिलं आणि एकेकाला विचारत गेला की तुम्ही इथून शेवटचे कधी गेलात. कुणी दिवाळीच्या आधी म्हणालं. कुणी चपलांकडे बघितलं. सायराबींनी सांगितलं की मी जायचे, पण पाटी लागल्यापासून कॉलनीतल्या बायका यायच्या बंद झाल्या, मग मी तरी इकडे कशाला येऊ. माझी पाळी आली. मी म्हणालो की मीही जातो अधूनमधून. शकूताई शेजारीच उभ्या होत्या. काठीच्या मुठीवर त्यांची बोटं हलत होती, ती थांबली. पटवाऱ्याला काय कळायचं ते कळलं असावं. मला तर कळलंच. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

पंचनाम्याची नक्कल शकूताईंनी स्वतः काढून आणली. त्यात एकच ओळ होती, की सदर जागेवर एक वृद्ध महिला टहलती पाई गई. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पंचनाम्यातला काना-मात्रा न बदलता उतरवणाऱ्या बाईनं ती ओळ माझ्या ओट्यावर चष्मा पुसून दोनदा वाचली. आपला काही उपयोग नाही हे ओळखून सुधा चहा टाकायला आत गेली. मी म्हणालो की आम्ही तुम्हाला तोंडघशी पाडलं. मला वाटत होतं, त्या आता झाडणार.

"नाही, चूक माझी आहे," शकूताई म्हणाल्या. "मी रोज जाऊन राहिले होते, म्हणून तुम्ही सगळे निश्चिंत झालात. बाई करून राहिल्या आहेत ना, मग झालं. मी हजार वेळा गेले, ती माझी सवय झाली. तुम्ही लोक गेले असते तर रस्ता झाला असता."

मग कागदाची घडी घालून त्या उठल्या. मी विचारलं, आता पुढं काय? त्या म्हणाल्या की फेरपाहणीचा अर्ज टाकला आहे, दोन-अडीच महिने मिळतील, आणि आजपासून मी गल्लीत पाय ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फाटकाशी खुर्ची टाकली. पहिला बळी सुधा. गुडघा धरून कण्हत शकूताईंनी तिच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. यात चकल्या आहेत, तेवढ्या सायराबींना देऊन येतेस का, माझ्यानं नाही होत. सुधा गेली. रिकामा डबा परत करू नये हे सायराबींच्या घरीही आपल्याइतकंच पाळतात. दुसऱ्या दिवशी त्यांची सून गल्लीतून डबा घेऊन आली, आत तुपात बुडालेले बाफले. शकूताईंनी ते चार घरी वाटले, चार डब्यांतून. ते चार डबे रिकामे कसे परत येणार? त्यातला एक लाडू भरून भाजीवाल्याकडे गेला, एक चिवडा भरून दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे. पंधरवड्यात कॉलनी आणि वस्ती यांच्यामध्ये किती डबे फिरत होते ते कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि झाकणं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालून घेतात. लग्नातल्या डब्यावर नाव, झाकणावरही नाव. शकूताई डबा पाठवताना झाकण चुकीचं लावत. आमच्या डब्यावर दवाखान्याच्या नर्सबाईंचं, नर्सबाईंच्या डब्यावर सायराबींचं, सायराबींच्या डब्यावर आमचं. कुणी विचारलं तर कपाळावर हात मारून, वय झालं हो, म्हणत. स्मरणशक्ती गेल्याची आवई आम्हीच उठवली होती, आता ती त्यांच्या कामी आली. माहेरच्या डब्याचं झाकण हरवलेली बाई काय करते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुधा एका झाकणापायी एका दिवसात तीनदा पलीकडे जाऊन आली आणि येताना फॉल लावायला दोन साड्या टाकून आली. सायराबींचं बंद पडत आलेलं मशीन पुन्हा दिवसभर वाजू लागलं.

भैयाजींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी गल्लीच्या तोंडाशी गिट्टीचा एक ट्रक रिकामा केला. पुरुषमंडळी, म्हणजे आम्ही, बैठक घेऊन निषेधाचा मजकूर ठरवू लागलो. मजकूर ठरेपर्यंत आठवडा गेला. तोवर बायका डबे सांभाळत त्या ढिगावरून चढत-उतरत राहिल्या. रोज थोडी गिट्टी घसरली, थोडी मातीत बसली. आठव्या दिवशी ढीग राहिलाच नव्हता, गिट्टी गल्लीभर पसरली होती. पुढच्या आठवड्यात भैयाजींनी मुरमाचा ट्रक ओतला. तोही तसाच बसला. शकूताईंनी खुर्चीतूनच भैयाजींना नमस्कार घातला आणि रस्ता पक्का करून दिल्याबद्दल आभार मानले. भैयाजींना ते लागलं, पण म्हाताऱ्या बाईशी भांडणार कसं?

दुसऱ्या पाहणीला तोच पटवारी आला. शकूताई खुर्चीतून उठल्या नाहीत. पटवारी गल्लीत उभा राहून लिहू लागला आणि त्याला चार वेळा बाजूला व्हावं लागलं. एकदा सायराबींच्या सुनेसाठी, एकदा नर्सबाईंसाठी, एकदा कांद्यांच्या टोपलीसाठी, आणि शेवटी माझ्यासाठी. मी डबा घेऊन पलीकडून येत होतो. त्यानं मला ओळखलं आणि मागचाच प्रश्न विचारला, इथून शेवटचे कधी गेलात. मी म्हणालो, "अभी. और ये ढक्कन हमारा नहीं है, तो फिर जाना पड़ेगा." फाटकापाशी शकूताईंची बोटं मांडीवर चालू होती. माझं एवढं खरं वाक्य त्यांनी बहुधा पहिल्यांदाच टाइप केलं असेल.

गल्ली मोकळी ठेवावी असा हुकूम झाला. भैयाजींनी वर अपील केलं. ते अजून चालू आहे. शकूताईंनी ते गृहीतच धरलं होतं. हुकूम एकदा होतो, म्हणाल्या, चालायचं मात्र रोज आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि लेकीनं त्यांना देवासला न्यायचं ठरवलं. तिथंच पुढं चार महिन्यांनी त्या गेल्या. मी जाऊ शकलो नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण मला आठवतात त्या शकूताई निघण्याच्या दिवशीच्या आहेत.

लेकीनं गाडी फाटकाशी लावली होती. शकूताईंनी ती पलीकडे, वस्तीच्या बाजूला न्यायला लावली. मग वॉकर पुढं टाकत त्या गल्लीतून निघाल्या. चाळीस पावलांना पाव तास लागला. पुढं सायराबी, मागं आम्ही, आणि कुणीही त्यांना हात दिला नाही, कारण त्यांनी तशी ताकीदच दिली होती. मध्यावर भैयाजींच्या प्लॉटचं फाटक आहे. तिथं भैयाजी उभे होते. त्यांच्या हातात एक स्टीलचा डबा होता. शकूताईंनी दोन दिवस आधी त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्याचं आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. अपील चालू असलं तरी डबा रिकामा कसा परत करायचा? भैयाजींनी मिठाई भरून आणली होती आणि तो परत करायला ते स्वतः चालत गल्लीत आले होते.

शकूताई थांबल्या. त्यांनी डबा घेतला, झाकण काढलं, मिठाई बघून मान डोलावली. मग झाकण उलटून त्यावरचं नाव वाचलं आणि ते भैयाजींच्या हातात परत दिलं.

"भैयाजी, एक बार आए हो. एक बार आना कोई आना नहीं होता. ये ढक्कन सायराबी का है, उनके घर दे आओ. मेरा वाला वहीं रखा है, लेते आना."

भैयाजींनी झाकणाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. सायराबी आमच्या पुढंच उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि हात पुढं केला नाही. भैयाजी वळले आणि झाकण घेऊन गल्लीतून वस्तीकडे चालू लागले. त्यांच्यामागून, वॉकर पुढं टाकत, शकूताई.